सल्लागाराला फी द्यावी, की सगळं इंडेक्स फंडात टाकून मोकळं व्हावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ५२. बरीच वर्षं एक सल्लागार तुमचा पोर्टफोलिओ सांभाळतो आहे. त्याची फी वर्षाला एकूण रकमेच्या १ टक्का, आणि त्याने निवडलेल्या फंडांचा खर्च सरासरी ०.८ टक्का. भाचा म्हणतो, हे सगळं बंद करा, ०.१ टक्का खर्चाचा इंडेक्स फंड (बाजाराच्या निर्देशांकातले सगळे शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड) घ्या आणि निवांत राहा. सल्लागार म्हणतो, इंडेक्स फंड बाजाराबरोबर धाडकन पडतो, तिथे सांभाळायला कोणी नसतं. कोणाचं ऐकायचं?

आधी माझं हित कशात आहे ते सांगून टाकतो. मी सल्ल्याची फी घेऊनच पोट भरतो. कमिशन घेत नाही, आणि बहुतेकांना इंडेक्स फंडच सुचवतो. त्यामुळे तुमच्या सल्लागाराची थोडी आणि भाच्याची थोडी, अशी दोघांचीही बाजू घ्यायला मला कारण आहे. वाचताना तेवढं वजा करून घ्या.

माझ्या मते ते दोघे भांडताहेत वेगवेगळ्या गोष्टींवरून. इंडेक्स फंड ही वस्तू आहे, सल्ला ही सेवा आहे. तुमच्या बिलात दोन्ही एकाच आकड्यात मिसळले गेले आहेत, म्हणून ‘हे की ते’ असा प्रश्न उभा राहिला. आधी ते बिल फोडून पाहू.

तुम्ही ५२ चे आहात. पैसा ८२ पर्यंत तरी पुरायला हवा, म्हणजे ३० वर्षं धरू. १० लाख गुंतवले, खर्चाआधीचा परतावा वर्षाला ७ टक्के, मध्ये काही काढलं नाही असं समजा. ०.१ टक्का खर्चाच्या इंडेक्स फंडात त्याचे सुमारे ७४ लाख होतात. सल्लागाराची १ टक्का फी ठेवली, पण त्याने तोच स्वस्त इंडेक्स फंड वापरला, तर ५५.८ लाख. आणि आज आहे तसंच, म्हणजे १.८ टक्के खर्च, तर ४५.८ लाख.

पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात २८ लाखांचं अंतर आहे. त्यातले सुमारे १८ लाख सल्ल्याचे, १० लाख महाग फंडांचे. म्हणजे नुसत्या फंडांच्या जादा खर्चात तुमच्या मूळ मुद्दलाइतकी रक्कम जाते. ‘एक टक्का तर आहे’ हे वाक्य म्हणूनच फसवं आहे. तो टक्का तुमच्या सगळ्या रकमेवर दरवर्षी लागतो, तुम्ही मात्र त्याची तुलना १०० शी करता. ती परताव्याशी करा. परतावा ७, महागाई ४, तर खरी वाढ ३. त्या ३ मधून १.८ गेले.

आता महाग फंडांचे हे १० लाख कशासाठी जातात? फंड मॅनेजरने बाजारापेक्षा चांगले शेअर निवडावेत यासाठी. यावर मला फारसा संशय उरलेला नाही: बहुतेकांसाठी हा पैसा वाया जातो.

कारण साध्या गणितात आहे. अर्थतज्ज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये ते दोन-तीन पानांत मांडलं. बाजारातले सगळे शेअर मिळून जो परतावा देतात, तो सगळ्या गुंतवणूकदारांत वाटला जातो. इंडेक्सवाल्यांना बाजाराचा सरासरी परतावा मिळतो. मग उरलेल्यांचीही सरासरी, खर्चाआधी, तीच असली पाहिजे, कारण एकाने बाजारापेक्षा जास्त कमावलं तर समोर कोणीतरी तेवढंच कमी कमावलेलं असतं. आता खर्च वजा करा. ज्यांचा खर्च जास्त, त्यांची सरासरी खाली. यात मॅनेजर हुशार नाहीत असा दावा कुठेच नाही. उलट ते सगळेच हुशार असल्यामुळे एकमेकांवर मात करणं इतकं अवघड होतं.

आकडेही हेच सांगत आले आहेत. मायकेल जेन्सन यांनी १९६८ मध्ये ११५ अमेरिकी फंडांचा १९४५ ते १९६४ या काळातला हिशेब तपासला, तेव्हाही सरासरी फंडाने बाजाराला हरवल्याचं दिसलं नाही. एस अँड पी डाऊ जोन्स ही कंपनी २००२ पासून सक्रिय (म्हणजे मॅनेजर शेअर निवडतो अशा) फंडांची निर्देशांकांशी तुलना नियमित छापते. (ती निर्देशांक विकते, तेव्हा तिचंही हित आहेच, पण बंद पडलेले फंडही ती हिशेबात धरते, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.) अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या फंडांत २० वर्षांच्या काळात दहातले जवळपास नऊ मागे पडलेले दिसतात.

‘पण माझा सल्लागार त्या दहाव्याला शोधेल’ हा पुढचा युक्तिवाद. अडचण अशी की दहावा कोण हे नंतर कळतं. गेल्या पाच वर्षांत वरच्या रांगेत असलेले फंड पुढच्या पाच वर्षांत वर टिकतात का, हेही तपासलं गेलं आहे, आणि बहुतेक टिकत नाहीत. हेंड्रिक बेसेम्बाइंडर यांच्या २०१८ च्या अभ्यासात त्याचं एक कारण सापडतं: १९२६ ते २०१६ या काळात अमेरिकी शेअर बाजाराने सरकारी अल्पमुदतीच्या रोख्यांपेक्षा जी जास्त संपत्ती निर्माण केली, ती सगळी सुमारे ४ टक्के कंपन्यांमुळे. हे चार टक्के हातातून निसटले की निवडीला अर्थ राहत नाही. इंडेक्स फंडाकडे ते आपोआप असतात, कारण त्याच्याकडे सगळंच असतं.

तरी भाच्याला लगेच फोन करू नका. वॉरन बफे यांची पैज तुम्ही ऐकली असेल. २००८ ते २०१७ अशी दहा वर्षं, बफे यांच्या बाजूला एस अँड पी ५०० चा (अमेरिकेतल्या सुमारे ५०० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचा) इंडेक्स फंड, दुसऱ्या बाजूला हेज फंडांत, म्हणजे मोठी फी घेणाऱ्या खासगी फंडांत, गुंतवणाऱ्या पाच फंडांची टोपली. शेवटी इंडेक्स फंड १२५.८ टक्के वाढला, पाचांतल्या सर्वांत चांगल्याने ८७.७ टक्के दिले आणि बाकीचे चार त्याच्या निम्म्यालाही पोचले नाहीत. तिथेही फीचे दोन थर होते, आतल्या हेज फंडांची वेगळी आणि वरच्या फंडाची वेगळी. तुमच्याकडे आहेत तसेच.

या गोष्टीतलं पहिलं वर्ष मात्र फारसं कोणी सांगत नाही. २००८ मध्ये इंडेक्स फंड ३७ टक्के पडला, आणि पाचही फंड त्यापेक्षा कमी पडले. त्या डिसेंबरात हिशेब मांडला असता तर बफे सपशेल हरलेले दिसले असते. म्हणजे तुमचा सल्लागार म्हणतो ते खोटं नाही. बाजार जितका पडतो, तितका इंडेक्स फंड पूर्ण पडतो. त्या पडण्यात तुम्ही काय कराल, यावर पुढचं सगळं ठरतं.

मार्च २०२० चा एक फोन सांगतो. एस अँड पी ५०० महिनाभरात ३४ टक्के खाली आला होता. एक बाई, निवृत्तीला चार वर्षं बाकी, स्वतः हिशेबात पक्क्या, पोर्टफोलिओ जवळपास सगळा स्वस्त इंडेक्स फंडांत. म्हणाल्या, “सगळं विकून टाका, थांबलं की परत घेऊ.” मी बाजार वर जाईल असं सांगितलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं. त्यांच्या फाइलमधला एक कागद वाचून दाखवला, त्यांनीच दोन वर्षांपूर्वी सही केलेला. पाच वर्षांच्या खर्चाची रक्कम रोख्यांत आणि ठेवींत आहे, बाजार निम्मा झाला तरी शेअर विकायचे नाहीत, उलट ठरलेल्या प्रमाणात घ्यायचे. बाई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “हे मीच लिहिलंय का?” विकलं नाही. ऑगस्टमध्ये निर्देशांक जुन्या उंचीवर परत आला. सप्टेंबर उजाडला असता किंवा पाच वर्षं लागली असती, तरी तो कागद तितकाच बरोबर होता, कारण पाच वर्षांची सोय आधीच केलेली होती.

याच कामाला मी सल्ला म्हणतो. त्यात शेअरची निवड कुठेच नव्हती, आणि फंड स्वस्त होते म्हणून काही अडलंही नाही.

मॉर्निंगस्टार ही संस्था फंडाचा परतावा आणि त्या फंडातल्या माणसांना प्रत्यक्षात मिळालेला परतावा यांची तुलना करत असते. अमेरिकी फंडांत ही तफावत बरेचदा वर्षाला १ टक्क्याच्या पुढे निघते, कारण लोक वर गेल्यावर घेतात आणि पडल्यावर विकतात. चांगला सल्लागार यातलं निम्मं वाचवू शकला तरी त्याच्या फीचा बराचसा भाग वसूल होतो. पण तो खरंच वाचवतो का? काही सल्लागार स्वतःच घाबरतात. काही तर अशील घाबरलं की नवीन काहीतरी विकायची संधी साधतात. तुमचा कसा आहे हे तुम्हाला कळू शकतं. २००८ किंवा २०२० मध्ये त्याने तुम्हाला काय करायला सांगितलं, तेवढे ईमेल उघडून पाहा.

आणि ‘इंडेक्स फंड घ्या आणि निवांत राहा’ यात किती निर्णय दडलेले आहेत, ते भाच्याला विचारा. कुठला इंडेक्स? डिसेंबर १९८९ मध्ये जपानचा शेअर निर्देशांक निक्केई ३८,९१५ वर होता. ती उंची त्याने परत ओलांडली फेब्रुवारी २०२४ मध्ये. तिथेही इंडेक्सवाले सरासरीच कमावत होते, पण सरासरीच ती होती. म्हणून एकाच देशाचा इंडेक्स म्हणजे पुरेशी विभागणी असं मी मानत नाही. एखाद्या क्षेत्राचा किंवा चालू हवेतल्या एखाद्या कल्पनेचा ‘इंडेक्स’ फंड तर नावापुरताच निष्क्रिय असतो. निवड तिथे आधीच झालेली असते. शेअर किती, रोखे किती, दरवर्षी प्रमाण परत जागेवर कोणी आणायचं, निवृत्तीनंतर पैसे कुठल्या खात्यातून आधी काढायचे, हे कुठलाच फंड सांगत नाही. ५२ व्या वर्षी, माझ्या अनुभवात, फंडाच्या नावापेक्षा या गोष्टींचा परिणाम मोठा होतो.

काढण्याच्या काळात फीचं वजन आणखी वाढतं. विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये अमेरिकेच्या जुन्या आकड्यांवर हिशेब केला की पहिल्या वर्षी रकमेच्या सुमारे ४ टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवत नेले, तर पैसा ३० वर्षं पुरला असता. तो हिशेब निर्देशांकांवर होता, फी त्यात नव्हती. तुम्ही वर्षाला ४ काढणार आणि १.८ खर्चात जाणार, म्हणजे तुमच्या प्रत्येक घासामागे जवळपास अर्धा घास दुसऱ्याच्या ताटात.

आता प्रत्यक्ष तुमच्या कागदांकडे वळू. सल्लागाराचं स्टेटमेंट घ्या आणि सगळ्या फंडांचे पहिले दहा शेअर एका कागदावर उतरवा. हे काम कंटाळवाणं आहे, एक संध्याकाळ जाते, पण याच्याइतकं डोळे उघडणारं दुसरं काही नाही. एका गृहस्थांकडे १७ फंड होते. ‘विभागणी चांगली आहे’ अशी त्यांची समजूत. त्यातले सहा मोठ्या कंपन्यांचे. सहाही फंडांत पहिल्या पाचांत त्याच तीन कंपन्या, आणि सगळं एकत्र करून पाहिलं तर प्रमाणंही जवळपास इंडेक्ससारखीच. एका फंडाने घेतलेला शेअर दुसरा फंड विकत होता, दोघांनाही पैसे हे गृहस्थच मोजत होते. इंडेक्सच, पण ०.९ टक्क्याच्या भावात.

मग तुलनेची ओळ पाहा. स्टेटमेंटच्या तळाशी ‘पोर्टफोलिओ इतके टक्के, बेंचमार्क (तुलनेसाठी घेतलेला निर्देशांक) इतके टक्के’ असं बारीक अक्षरात असतं. तिथे तीन गोष्टी तपासायच्या. बेंचमार्कमध्ये लाभांश धरलेला आहे का? नसेल तर दरवर्षी टक्का-दोन टक्के सल्लागाराला फुकट मिळाले. तुमच्या पोर्टफोलिओत ४० टक्के रोखे असतील तर बेंचमार्कही ६० शेअर, ४० रोखे असाच आहे का? नुसत्या शेअरशी तुलना केली तर पडत्या वर्षात सल्लागार विनाकारण हिरो ठरतो आणि चढत्या वर्षात विनाकारण नालायक. आणि दाखवलेला परतावा फी वजा करून आहे की फीच्या आधीचा? हे तिसरं मी इतक्या वेळा ‘आधीचा’ असं पाहिलंय की आता सगळ्यात आधी तेच विचारतो.

एक तांत्रिक बाब, पण महत्त्वाची. तुम्ही पैसे कधी टाकले, कधी काढले यावर तुमचा स्वतःचा परतावा ठरतो. एक्सेलमधलं एक्सआयआरआर तेच मोजतं. सल्लागाराची निवड कशी होती हे मोजायला तो आकडा चालत नाही, कारण पैसे कधी आले हे बहुधा त्याच्या हातात नसतं. तिथे काळानुसार मोजलेला, म्हणजे पैसे कधी आले-गेले याचा परिणाम वगळलेला, परतावा लागतो. दोन्ही मागा. दोघांत मोठं अंतर असेल, तर अडचण निवडीत नाही, वेळेत आहे, आणि ती वेळ तुम्ही निवडली होती की त्याने, ते तुम्हालाच आठवेल.

फी कशी घेतली जाते यालाही महत्त्व आहे. कमिशनवर चालणाऱ्या सल्ल्यात महाग वस्तू विकण्याचा मोह असतो. ब्रिटनने २०१२ च्या अखेरीस नव्या गुंतवणुकीच्या सल्ल्यावरचं कमिशन बंद केलं ते यासाठीच. टक्क्यावरची फी त्याहून बरी. तरी रक्कम दुप्पट झाली म्हणून काम दुप्पट होत नाही, फी मात्र होते. शिवाय ‘कर्ज फेडू का?’ या प्रश्नाला ‘फेडा’ असं उत्तर दिलं तर त्याची स्वतःचीच फी घटते. ठरावीक वार्षिक रक्कम किंवा तासावर फी हे मला सगळ्यात स्वच्छ वाटतं, आणि १ टक्क्याच्या तुलनेत मोठ्या पोर्टफोलिओला ते बरेचदा पुष्कळ स्वस्त पडतं. छोट्या रकमेला उलटंही होऊ शकतं. हिशेब करून पाहा.

सल्लागार अजिबात नको, असं मी कोणाला म्हणतो? ज्याचं उत्पन्न साधं आहे, करात गुंतागुंत नाही, २०२० मध्ये ज्याने काहीही विकलं नाही, आणि वर्षातून एकदा बसून प्रमाण जागेवर आणायला जो कंटाळत नाही, त्याला. तुमच्याबाबतीत एक गोष्ट मला खटकली: पैशाचं सगळं तुम्हीच पाहता, पत्नीला खाती किती आहेत हेही माहीत नाही, असं तुम्ही सहज लिहून गेलात. तुमच्यामागे हे कोण सांभाळणार? निव्वळ या एका कारणासाठी मी वर्षातून एक-दोन बैठकांपुरता तरी सल्लागार ठेवा असं सांगेन. बैठकीला दोघांनी जायचं.

फंड बदलायचे ठरले तर घाई नको. नवीन पैसे आजपासून स्वस्त इंडेक्स फंडांत वळवा, त्याला काही लागत नाही. लाभांश आपोआप जुन्या फंडात जात असेल तर थांबवा. ज्या खात्यात विक्रीवर कर लागत नाही तिथले फंड आधी बदला, मग तोट्यातले, मग कमी नफ्यातले. एग्झिट लोडची (ठरावीक काळाआधी विकल्यास फंड कापून घेतो त्या रकमेची) मुदत पाहून घ्या.

जास्त नफ्यातल्या फंडांचा हिशेब असा. १० लाखांचा फंड, त्यात ४ लाख नफा, कर १५ टक्के धरू. विकला तर ६०,००० भरावे लागतात. खर्चात वर्षाला ०.७ टक्का, म्हणजे ७,००० वाचतात. वरवर पाहता वसूल व्हायला साडेआठ वर्षं लागतील, आणि सल्लागार तुम्हाला हेच दाखवेल. पण हा कर कधी ना कधी भरायचाच आहे. तो आज भरल्याने तुमचं नुकसान होतं ते फक्त त्या ६०,००० वर मिळाला असता त्या परताव्याचं, ७ टक्क्यांनी वर्षाला ४,२०० च्या आसपास. ७,००० समोर ४,२००. फायदा आहे, पण उड्या मारण्याइतका नाही. निवृत्तीनंतर तुमच्या कराचा दर कमी होणार असेल तर हे फंड तसेच राहू द्यावेत, आणि खर्चासाठी पैसे लागतील तसे त्यांतूनच काढावेत.

सल्लागाराला सोडायच्या आधी त्याला एक पत्र मात्र लिहा: हेच काम स्वस्त इंडेक्स फंड वापरून, ठरावीक वार्षिक फीवर कराल का? माझ्या ओळखीचे काही जण अशा पत्रानंतर हो म्हणाले आहेत. ‘नाही’ आलं तर कारण लेखी मागा. आणि खातं हलवायची वेळ आलीच, तर जुना करार संपवण्याआधी नवीन खातं उघडून, वारसाचं नाव लागलंय याची खात्री करून, सगळ्या खरेदीच्या तारखा आणि किमती असलेलं स्टेटमेंट उतरवून घ्या. लॉगिन बंद झाल्यावर ते मिळवताना फार दमछाक होते, आणि कराच्या हिशेबाला तेच लागतं.